माणगावकर चाळीचे आगमन-निर्गमन

घाटकोपरच्या माणगावकर चाळीत एकंदर किती माणसे राहतात, हा प्रश्न चाळीतल्या माणसांना कधीच पडला नव्हता. तो नॉर्वेला पडला. नॉर्वेला पडलेला प्रश्न आपल्या सरकारलाही तातडीने पडला, आणि दोन्हीकडच्या जनतेच्या पैशातून १९८४ साली 'भारत-नॉर्वे संयुक्त नागरी आवागमन संशोधन प्रकल्प' सुरू झाला. त्याचे कार्यालय मुलुंडला, एका फरसाणाच्या दुकानाच्या माडीवर थाटण्यात आले.

अभ्यासासाठी कोणती वस्ती निवडावी यावर बरीच खलबते झाली. शेवटी संशोधन सहायक कुंदा राणे हिने ती स्वतः राहत होती तीच चाळ सुचवली. त्यामुळे तिला घरच्या चपलांवर संशोधन करता येणार होते. इतिवृत्तात या निवडीला 'शास्त्रशुद्ध नमुना' म्हटले गेले.

पद्धत नॉर्वेच्या प्रोफेसर ल्युंडे यांची होती. माणसाला प्रश्न विचारला की तो खोटे बोलतो, असे त्यांचे मत होते. म्हणून काही विचारायचेच नाही. दारात टेपरेकॉर्डर ठेवायचा आणि बाहेर पडताना माणूस आपणहून काय म्हणतो ते टिपायचे. टेप नॉर्वेला जात, तिथे कोणीतरी शब्दकोश उघडून त्यांचे भाषांतर करी आणि ते कॉम्प्युटरला भरवले जाई. चाळीला या गोष्टीचा फार अभिमान वाटला. काही जण तर घसा खाकरून घराबाहेर पडू लागले.

पहिला अहवाल आला आणि दोन्ही देशांत खळबळ उडाली. माणगावकर चाळीत माणसे केवळ येत होती. सकाळी, दुपारी, सणासुदीला, रोज शेकड्याने येत होती. जात कोणीच नव्हते. अहवालानुसार चाळीची लोकसंख्या कांदिवलीच्या पुढे गेली होती.

कुंदा तो अहवाल घेऊन प्रकल्प संचालक डॉ. अनंत रेगे यांच्याकडे धावली.

"सर, घोटाळा झालाय. आपल्याकडे माणूस जाताना 'येतो' म्हणतो. त्यांनी ते सगळे आलेले म्हणून धरलेत."

डॉ. रेगे यांनी चष्मा पुसला. "बाई, हे तुम्ही कशावरून म्हणता?"

"मला मराठी येतं, सर."

"तेच तर. त्याला संशोधनात पूर्वग्रह म्हणतात. आंतरराष्ट्रीय निष्कर्ष असे स्थानिक माहितीवर बदलता येत नाहीत." जूनमध्ये ऑस्लोला याच निष्कर्षावर परिषद होती आणि डॉ. रेगे यांनी लोकरी कोट शिवायला टाकला होता, हे त्यांनी सांगितले नाही. ते सगळ्या ऑफिसला ठाऊक होते.

अहवाल सरकारी पैशाचा असल्यामुळे तो सरकारकडे गेला, आणि कधी नव्हे ते कोणीतरी तो वाचला. संबंधित खात्याने चाळीवर नोटीस डकवली. एवढ्या माणसांचा भार ही इमारत पेलू शकत नाही, सबब ती महिनाभरात रिकामी करावी. कुंदाच्या सासऱ्यांनी गिरणीत उभे आयुष्य घालवून ही दोन खोल्यांची जागा राखली होती. ती आता आपल्याच हातांनी घालवली, या विचाराने कुंदाला घास गोड लागेना.

ती पुन्हा मुलुंडला गेली. डॉ. रेगे माणूस म्हणून वाईट नव्हते. त्यांनी उपाय सांगितला. "निष्कर्ष बदलत नाही, पण नवी माहिती मिळवता येते. लोकांना 'जातो' म्हणू दे. आकडा आपोआप खाली येईल."

"'जाऊन येतो' म्हटलं तर?"

"एका वाक्यात दोन क्रियापदं कॉम्प्युटर घेत नाही."

चाळीच्या चौकात सभा भरली. कुंदाने सगळे समजावून सांगितले.

शेजारच्या जानकीवहिनी म्हणाल्या, "नवरा कामावर निघताना 'जातो' म्हणाला, तर तो परत येईस्तोवर मी काय करू गं? देव पाण्यात घालून बसू?"

"वहिनी, नाहीतर घर जाईल ना."

"बघ, तूसुद्धा काय काय बोलतेस."

कुंदाचे सासरे धोंडूतात्या खाटेवर बसून ऐकत होते. ते म्हणाले, "माझो चुलतो एकदाच 'जातंय' म्हणान भायर पडलो."

"मग?" कोणीतरी विचारले.

"मगे काय? गेलो."

सभा तिथेच संपल्यात जमा होती. पण तात्या काठी टेकत उठले, दाराशी गेले आणि टेपरेकॉर्डरसमोर वाकले. "माझा वय झालाच आसा. सुरवात माझ्यापासूनच होऊंदे." मग त्यांनी खणखणीत आवाजात सांगितले, "जातंय." कुंदाने पाठीमागून पुटपुटत त्यांना "या हो" म्हटले, पण यंत्राला ऐकू जाणार नाही इतक्या हळू.

म्हाताऱ्याने म्हटल्यावर तरण्यांना मागे राहणे शोभेना. सगळी चाळ छातीवर दगड ठेवून 'जातो' म्हणू लागली. बायका हातावर दही देत. आत येणारा मात्र काहीच बोलत नसे, कारण स्वतःच्या घरात शिरताना कोणी घोषणा करत नाही.

दुसरा अहवाल आला. चाळीतली सगळी माणसे निघून गेली होती. गर्दीची नोटीस अर्थातच मागे घेण्यात आली. तिच्या जागी दुसरी लागली. सदर इमारत निर्मनुष्य असल्याने ती प्रकल्पाच्या दुसऱ्या टप्प्याला, म्हणजे आंतरराष्ट्रीय आवागमन केंद्राला देण्यात येत आहे.

केंद्राच्या तयारीसाठी प्रोफेसर ल्युंडे स्वतः मुलुंडला आले. त्याच दिवशी निर्मनुष्य चाळ जिन्यावरून वर चढून डॉ. रेगे यांच्या खोलीत शिरली. तात्यांना खुर्ची दिली गेली.

"सायबानू, आमी आसंव," तात्या म्हणाले. "आमका बगा."

डॉ. रेगे यांना खरेच वाईट वाटले. त्यांनी तात्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "बघतो."

चाळकरी सुखावले. कुंदाचा मात्र धीर सुटला. सरकारी नोकरीत तिने हा शब्द पुष्कळदा ऐकला होता, आणि 'बघतो' म्हटलेले काही कोणी बघितल्याचे तिला आठवत नव्हते.

प्रोफेसरांनी तिच्याकडे वळून इंग्रजीत विचारले, "संचालक काय म्हणाले?"

कुंदाने प्रकल्पाच्या शास्त्रशुद्ध पद्धतीने शब्दाला शब्द लावला. "ते म्हणाले, मी पाहतो. स्वतः."

"उत्तम. केव्हा?"

"आत्ता," कुंदा म्हणाली. "क्रियापद वर्तमानकाळी आहे."

प्रोफेसरांनी ते संयुक्त इतिवृत्तात लिहिले आणि सहीसाठी डॉ. रेगे यांच्यापुढे सरकवले. दोन देशांच्या कागदावर चढलेले वाक्य खोटे पाडण्याची सोय करारात नव्हती. डॉ. रेगे यांना टॅक्सीत बसून घाटकोपरला जावे लागले आणि खोलीन् खोली पाहावी लागली. चाळीत माणसे आढळली. केंद्राला दुसरीकडे जागा मिळाली आणि तात्यांची खाट होती तिथेच राहिली.

प्रोफेसर ल्युंडे लवकरच मायदेशी परतले. मराठी माणूस बोललेला शब्द त्याच दिवशी पाळतो, असा निबंध त्यांनी तिकडे वाचला म्हणे.

आता ही हकिकत वाचून आपणही हळहळाल, आणि 'याबद्दल काहीतरी केलं पाहिजे' असे म्हणाल. जरूर म्हणा. फक्त ते लिहून घ्यायला प्रोफेसर आता इथे नाहीत. कुंदा आहे, आणि तिला मराठी येते.