इंजनावरची रताळी

दत्तरावांच्या जीपमधून धूर निघो न निघो, भाजक्या रताळ्यांचा वास हमखास निघायचा. सकाळी हिंगोलीहून निघताना हा माणूस बॉनेट उघडायचा, रताळी भरलेला पत्र्याचा डबा तारेनं इंजनाला बांधायचा आणि बॉनेट दणकन आपटायचा. सेनगाव येईपर्यंत रताळी शिजून तयार. नवीन पॅसेंजरला वाटायचं गाडीच तापली. एकदा तर एक म्हातारबुवा "पेटली, पेटली!" करत चालत्या जीपमधून उडी मारायला निघाले. मी त्यांचं धोतर धरून ठेवलं. दत्तराव आरशात बघून शांतपणे म्हणाले, "बसा काका, खाली बसा. माजा नाष्टा होऊन राहिलाय."

मी सेनगावच्या शाळेत मास्तर, राहायला हिंगोलीत, दत्तरावांच्या भिंतीला भिंत लावून. नव्वद सालानंतरची ही गोष्ट. तेव्हा त्या रस्त्यावर काळी-पिवळी जीप म्हणजे माणसांनी चेपून भरलेलं पोतं. मला शेजारी म्हणून पुढची सीट मिळायची, पण तोंडासमोर आरशाला ओल्या फडक्यातली मटकी टांगलेली असायची. वाऱ्यानं गार राहते आणि मोड चांगले येतात म्हणे. दर खड्ड्याला ती माझ्या नाकावर आपटायची.

बाकीचे ड्रायव्हर गाडी भरेपर्यंत स्टँडवर भजी हाणायचे. दत्तराव स्टेअरिंगवरच भाकरी, ठेचा, कांदा आणि मूठभर मटकी खाऊन मोकळे. कुणी भज्याची पुडी पुढं केली की त्यांचे डोळे बारीक व्हायचे. "मला डाऊट हाय," ते म्हणायचे. "त्या कढईतलं तेल कधी बदललं, तुमी बगितलं का?"

डाऊट त्यांना सगळ्यावरच होता. बिस्किटावर होता. "पुड्यात किती बी दिवस ठिवा, नरम पडत न्हाई. काहून पडत न्हाई? आपली भाकर तर दुपारीच वातड होती." साखरेवर होता. "रस मातकट, गूळ तांबडा, मंग हीच येवढी गोरी कशी?" दुकानातली पिवळीधमक तूरडाळ बघून तर त्यांनी दुकानदाराला चारचौघांत विचारलं होतं, "हिला हळद कुणी लावली?" वेळ नाही म्हणून काहीबाही खाणाऱ्यांचा त्यांना भारी राग. "टाइम न्हाई म्हणून कुणी डिझेलच्या टाकीत राकेल घालतंय का?" असं म्हणाले, की बाकीचे ड्रायव्हर एकमेकांकडे बघायचे. कारण त्यातले निम्मे घालायचे.

आता खरं सांगायचं तर मीही काही कमी संशयी नाही. परीक्षेत पोरांच्या बाह्या तपासून तपासून माझी नजरच तशी झालेली. इतका सोवळा माणूस चोरून काहीतरी खात असणारच, अशी माझी पक्की खात्री होती. आमच्या गल्लीत कुणी म्हणायचं चिक्कू आहे, कुणी म्हणायचं बायको गेल्यापासून डोक्यावर परिणाम झालाय. मी ठरवलं, आपण शोध लावायचा. एका बाजाराच्या दिवशी ते पिशवी घेऊन निघाले तसा मी मागं लागलो. जिलबीच्या दुकानाशी थबकतील म्हणून डोळे ताणून बसलो. हा बाबा सरळ तेलाच्या घाण्यावर गेला आणि आपल्या करडईचं तेल निघेपर्यंत समोर मांडी ठोकून बसला. तो सावलीत, मी उन्हात. शेवटी मान न वळवता म्हणाला, "गुरुजी, माज्या मागं काहून फिरून राहिलात? मला तुमच्यावर डाऊट येऊन राहिला."

इथपर्यंत गंमत होती. पण त्यांची लेक मंगल लग्नाला आली आणि गंमत संपली. लोकाच्या घरी जाताना हा माणूस आपल्या भाकरीची पिशवी सोबत न्यायचा. चालून आलेली दोन स्थळं त्या पिशवीनंच घालवली. एका ठिकाणी तर यानं तेलाचा डबा बघायला मागितला. मग औंढ्याकडचं तिसरं स्थळ आलं. मुलगा दूध डेअरीत नोकरीला, हुंड्याची मागणी नाही आणि मंगलच्या मनात भरलेला. दत्तराव मुलाचं घर बघायला निघाले, त्या सकाळी मंगल माझ्या दारात आली. आईविना वाढलेली पोर, कधी काही मागितलं नव्हतं तिनं. म्हणाली, "काका, तुमी बी जावा संगं. आप्पांची पिशवी तेवढी घरी राहू द्या. हे बी मोडलं तर मला न्हाई सोसायचं."

मी पिशवी काढून ठेवायला लावली. एवढ्यानं माझं समाधान होतंय होय! निघण्याआधी बॉनेट उघडून बघितलं. रताळी नव्हती.

मुलाचे वडील किशनराव, भरदार मिशीचे, आग्रही गृहस्थ. बाप्यांची पंगत बसली. पुऱ्या, लालभडक रस्सा, विकतचे पापड, जिलबी. मी श्वास रोखून बसलो. आणि दत्तराव खायला लागले! पुरी खाल्ली, रस्सा ओरपला. किशनरावांनी जिलबी वाढली, ती खाल्ली. "लाजू नका पाव्हणं," म्हणून आणखी वाढली, तीही खाल्ली. त्यांच्या कपाळावर घाम होता, पण तोंडातून डाऊट निघाला नाही. मला मात्र घोर लागला. हे लक्षण ठीक नव्हतं.

जेवणं उरकली, सुपारी फोडून सोयरीक पक्की करायची म्हणून अडकित्ता निघाला. तेवढ्यात दत्तराव उठले. "आलोच," म्हणाले आणि तडक आत. मी मागं धावलो. हात धुवायची जागा उजवीकडे होती, हे गेले डावीकडे, स्वयंपाकघरात!

आत बायका नुकत्याच जेवायला बसल्या होत्या. परक्या बाप्याला बघून सगळ्यांनी पदर ओढले. थोरली सून कोपऱ्यात होती. तिच्या ताटलीत शिळ्या भाकरीचं चतकोर आणि रश्शाचं नुसतं पाणी. दत्तरावांनी खाली बसून भाकरीच्या दुरडीवरचं फडकं उचललं. दुरडी रिकामी. जिलबीच्या परातीत पाक तेवढा उरलेला.

"ताई," ते किशनरावांच्या बायकोला म्हणाले, "ह्या लेकरानं काय खायाचं?"

"आमचं काय, उरल्यासुरल्यात भागतंय."

"भागत न्हाई, ताई."

तोवर किशनराव दारात आले. मिशी थरथरत होती. "पाव्हणं, बायकांच्यात तुमचं काय काम? आमच्या अन्नावर संशय हाय का?"

"अन्न झ्याक व्हतं," दत्तराव हात जोडून म्हणाले. "पर ह्या पोरीच्या ताटात गरम भाकर पडू द्या. मंग सुपारी फोडू. आमी बसतो भाईर."

गेलं तिसरं स्थळ, मी मनात म्हटलं. मंगलला काय तोंड दाखवू? किशनराव काहीतरी जहाल बोलणार, तेवढ्यात त्यांची बायकोच बोलली, "बसा म्हणतेत तर बसा की भाईर." आणि तिनं पिठाची परात पुढ्यात ओढली. आम्ही ओसरीवर बसलो. आतून भाकरी थापल्याचा आवाज येत होता आणि किशनराव अडकित्ता उघडत होते, मिटत होते. थोरलीचं जेवण झालं, मग सुपारी फुटली.

परतताना मी तोंडसुख घेतलं. "अहो दत्तराव, थोडक्यात निभावलं! असं कुणी आत घुसतं का?"

त्यांनी एक खड्डा चुकवून गिअर बदलला. मग म्हणाले, "मंगलच्या आईनं मला रोज गरम भाकर घातली, गुरुजी. पहाटं जायाच्या टायमाला बी, रातच्याला आल्यावर बी. मी घाईत. ती काय खाती, कदी दुरडी उचलून बगितली न्हाई. डाक्टर म्हणला, बाईच्या आंगात रगतच न्हाई. घरात ज्वारीची कणगी भरलेली, अन् बाईच्या आंगात रगत न्हाई."

 या माणसाच्या पाळतीवर मी चोरासारखा राहिलो होतो, त्याची मला लाज वाटली.

हिंगोलीत पोचलो तेव्हा दिवे लागत होते. मंगल उंबऱ्यात उभी होती. दत्तरावांचा चेहरा बघूनच तिला कळलं आणि ती हसत पुढं आली. तिनं काही विचारायच्या आत त्यांनीच विचारलं, "जेवलीस का?"

"न्हाई," ती म्हणाली. "तुमी यायचे व्हते ना, म्हणून थांबले."

"सकाळपासून?"

"व्हय. त्यात काय येवढं?"

दत्तराव मटकन उंबऱ्यावरच बसले. मंगल घाबरून पाणी आणायला आत पळाली. त्यांनी माझा हात घट्ट धरला. डोळे भरून आले होते.

"गुरुजी," ते म्हणाले, "हिची आई गेली तवा ही पाळण्यात व्हती. मंग हे हिला कुणी शिकवलं?"