दुपारच्या झोपेवरील मोहिमेची हकीकत

सेवेचे ठायी तत्पर, कंबरदुखीस दाद न देणारे समस्त सेविकामंडळ, त्यांचे पराक्रमाची ही हकीकत पुढील लोकांस ठाऊक असावी, आणि खात्याने पुन्हा तोच उपद्रव आरंभिल्यास जाब तयार असावा, म्हणोन लिहिली आहे. यात ऐकीव काही नाही. जे सुनावणीचे सभागृहात बसले, आणि खुर्ची न मिळाल्यामुळे जे भिंतीशी उभे राहिले, त्यांचेच तोंडून घेतली आहे.

मुलुखाची व्यवस्था ऐसी की, वृद्ध आणि आजारी यांचे घरी सरकारी खर्चाने सेविका जात, आणि आंघोळ, औषध, जेवण, उठबस सांभाळीत. या फौजेस संपाची सक्त मनाई. त्याचे बदल्यात कायद्याने इतके दिले की, खाते आणि सेविका यांत तंटा पडल्यास त्रयस्थ लवादाने तो ऐकावा, आणि निकाल देताना तीन गोष्टी तोलाव्या: आजाऱ्याचे हित, सेविकेचे ओझे आणि खजिन्याची ताकद. तिहींत भारी कोण, हे कायद्याने लिहिले नव्हते. कायदे करणारांस घरी जावयाची घाई जाहली असावी.

या फौजेत ताई म्हणोन एक सेविका होती, आणि आजोबांचा किल्ला तिचे हवाली होता. किल्ला म्हणजे तिसरे मजल्यावरील दोन खोल्या, खाली बसस्थानक. आजोबा पूर्वी बसचालक. आजारपणानंतर त्यांचा डावा पाय फितूर जाहला, परंतु आवाज इमानी राहिला, आणि खाली कोणी बस वाकडी लाविली की खिडकीशी जाऊन त्यास खडसावावे, ही खुमखुमी त्यांस आवरत नसे. मग ताईने धावावे, धरावे, बसवावे, आणि पाठ वळली की आजोबांनी पुन्हा उठावे, ऐसे युद्ध सकाळपासून चाले. मात्र दुपारी जेवण होताच आजोबा आपण होऊन पलंगावर आडवे होत, तोंडावर रुमाल टाकीत आणि घोरू लागत. ताई पायथ्याशी खुर्चीत बसे. तितका वेळ तह.

या तहावर खात्याचे मोठे साहेबांची नजर गेली, आणि फर्मान सुटले:

आजारी निजला असता सेविका रिकामी. निजलेल्याची सेवा ती कसली? सबब दुपारचे झोपेत सेविकेने शेजारचे गल्लीत जाऊन दुसरा आजारी पाहावा. हुकुमाप्रमाणे वर्तावे. उजूर चालणार नाही.

पहिलेच दिवशी ताई दार लोटून घेऊन जड पायाने जिना उतरली, आणि इकडे आजोबा उठले, आणि भिंत धरीत खिडकी गाठली, आणि मग पायाने दगा दिला, आणि खासा स्वारी खिडकीचे गज धरून लोंबकळू लागली. तशाही अवस्थेत खालील चालकास बस मागे घेण्याचा हुकूम चालूच होता. त्याने आधी बस मागे घेतली, मग वर पाहिले, मग जिना चढून आला आणि आजोबांस गजांपासून सोडविले.

ताई परतली, तो आजोबांचा गुडघा सोललेला. ती औषध लावीत असता आजोबा तिलाच धीर देत होते. दुसरे दिवशी ती दुपारी जागची हलली नाही. मग खात्याचा निरोप आला की, फर्मान मोडल्यास हे घर दुसरे सेविकेस देण्यात येईल. ताईचे तोंडचे पाणी पळाले. दुसरी कोणी आली तर ती हुकुमाप्रमाणे दुपारी निघून जाईल, आणि मग गज, आणि मग काय, यापुढे तिजला विचार करवेना.

सेविकांची सरलष्कर कर्णामावशी. फोन लागला नाही तरी पलीकडे ऐकू जावे ऐसा आवाज, म्हणोन हे नाव. तिने मसलत करून लवाद मागितला, आणि ताईसह आजोबाही सुनावणीस निघाले.

सभागृह वरचे मजल्यावर, आणि लिफ्ट बंद. मग चार सेविकांनी चाकाची खुर्ची उचलिली, आणि अंबारीत बसल्यासारखे आजोबा जिन्याने वर निघाले.

"वळण बाहेरून घ्या गं! आणि मागं कोण बघतंय? मागं बघायला माणूस ठेवा!"

"आजोबा, हॉर्न तेवढा तुम्ही वाजवा," मावशी धापा टाकीत म्हणाली.

लवादबाई निवृत्त न्यायाधीश, सर्दीने बेजार, परंतु डोळे तीक्ष्ण. खात्यातर्फे वकील उभे राहिले. गृहस्थ सौम्य, पट्टीचे लढवय्ये. त्यांनी खजिन्याची तंगी सांगितली, खिडकीचा प्रकार एकवारचा ठरविला, आणि मग ताईस एकच सवाल केला.

"आजोबा रोज दुपारी काय करतात?"

"झोपतात," ताई म्हणाली.

वकिलांनी शत्रूचा बुरूज पाडिल्यासारखे लवादबाईंकडे पाहिले. मावशीने कपाळास हात लाविला.

येथे सेविकापक्षाची हार जाहली, ऐसे लिहून हकीकत आटोपती घेतली होती. ते वाक्य आता रद्द समजावे, कारण मागून आवाज आला.

"कोण झोपतंय?"

"आजोबा, गप्प बसा," ताई कुजबुजली.

"का गप्प बसू? जन्मात दुपारी झोपलो नाही मी. दुपारपाळी करायचो. झोपलो असतो तर प्रवासी पोचले असते का?"

"मग घोरता ते?" लवादबाईंनी विचारिले.

"ते हिच्यासाठी हो. सकाळपासून माझ्यामागं पळते. माझे डोळे उघडे दिसले की ही बूड टेकत नाही. म्हणून घोरतो. चांगलं घोरतो की नाही गं?"

वकील ताडकन उठले, आणि अर्ज केला की, इसम जागा आहे, हुशार आहे, मग यास दुपारी सेविकेची गरजच काय? मोर्चा पुरता उलटला. वाचवावयास आलेले आजोबाच आपला किल्ला देऊन बसले होते.

लवादबाई ताईकडे वळल्या. "तुम्हाला माहीत होतं?"

"पहिल्याच आठवड्यात कळलं. झोपलेला माणूस रुमालाचं टोक उचलून बघतो होय, मी बसलेय का ते?"

"मग त्यांना सांगितलं का नाही?"

"सांगून? उठून खिडकीत गेले असते! मी बसले की ते पडून राहतात. मला तर बसवतही नाही हो, पाठ आखडते. पण जरा हलले की रुमाल हलतो."

आजोबा ताईकडे वळले. "म्हणजे एवढे दिवस मी फुकट घोरलो?"

सभागृहात हशा उसळला, लवादबाईंस हसता हसता शिंक आली, आणि त्या गडबडीत वकिलांनी अखेरचा तोफगोळा टाकिला. "आजोबा, खरं सांगा. ताई तिथं नसल्या, तरी तुम्ही असेच पडून राहाल ना?"

"कशाला? कोणासाठी?"

वकील कागद मिटून म्हणाले की, खात्यास अधिक विचारणे नाही.

निकाल जाहला तो ऐसा:

हात हलतात तितकेच काम, हे माप खोटे. जी जबाबदारी सोडून जाता येत नाही, तिचा सर्व वेळ काम समजावा, आजारी झोपलेला असो, जागा असो वा सोंग करीत असो. आजाऱ्याचे हित प्रथम तोलावे. त्यातच सेविकेचे ओझे कळते, आणि पडझडीचा खर्च वाचून खजिनाही राखला जातो. सबब फर्मान रद्द. ताईंस त्या घरातून हलवू नये. हा निकाल सर्व सेविकांस लागू, अंतिम आणि बंधनकारक.

मावशीने जयघोष केला तो खालचे मजल्यावरील कचेरीत ऐकू गेला, आणि आजोबांची स्वारी त्याच जिन्याने, अधिक सूचना देत, उतरली.

दुसरे दिवशी दुपारी आजोबा पलंगावर आडवे जाहले, परंतु रुमाल घेतला नाही. पहिली गाडी हाती आली तेथपासून त्यांनी आरंभ केला, आणि प्रत्येक थांबा, प्रत्येक वाहक, प्रत्येक पंक्चर यांचे वर्णन चालले. ताईने जांभई गिळली.

"आजोबा, जरा डोळे मिटा की."

"आता सोंग कशाला? आता उजळ माथ्यानं बसायचंय तुला. ऐक, तर तो वाहक मला म्हणतो..."

ताईने पदराआडून मावशीस फोन लाविला. "मावशी, यावर काही करता येईल का गं?"

"अपील नाही बाई!" मावशी इतक्या मोठ्याने हसली की आजोबांनीही ऐकिले. "अंतिम आणि बंधनकारक!"

मग ताईने फोन ठेविला, आखडलेली पाठ ताणली, खुर्ची उचलून पायथ्याकडून उशाशी आणिली आणि ऐसपैस बसली.

"बरं, मग? काय म्हणाला तो वाहक?"

येणेप्रमाणे लढाई जिंकून, जिंकलेली दुपार संपूर्ण ताब्यात घेतली, आणि पहिला थांबा ते शेवटला थांबा बंदोबस्त कायम जाहला. हे फत्तेचे वर्तमान सर्व घरी कळावे.