सहाचाकी रोबोटचे गुण कसे कापले गेले

जी वस्तू चालते, तीच कुठेतरी आदळते. उभी वस्तू कशावर जाऊन आदळल्याचं आजवर ऐकिवात नाही. हे सत्य जगात अनेकांना कळलं असेल, पण त्याची नियमावली करण्याचा मान आमच्या शालेय रोबोटिक्स स्पर्धेने मिळवला. स्पर्धा गडचिरोलीतल्या एका सभागृहात झाली. मी सूत्रसंचालक होतो. म्हणजे माईक माझ्याकडे होता, आणि रोबोटविषयीचं ज्ञान परीक्षकांकडे असावं असा माझा समज होता. (परीक्षकांचा समज नेमका उलटा होता.)

काम सोपं होतं. रोबोटने मैदानातल्या धानाच्या छोट्या पिशव्या उचलायच्या आणि लाकडी गोदामात नेऊन टाकायच्या. प्रत्येक संघाला सुरुवातीलाच शंभर गुण बहाल केले होते. त्यातून धक्का लागणं, रेषेला चाक लागणं, पिशवी सांडणं, आवाज होणं वगैरे अपराधांबद्दल गुण कापायचे होते. पिशवी गोदामात पोचवण्याबद्दल मात्र गुण नव्हते. मुख्य परीक्षक बोरकुटे साहेबांनी त्याचं कारण उद्घाटनातच स्पष्ट केलं: "काम करणं हे तर रोबोटचं कर्तव्यच आहे. कर्तव्याचे वेगळे गुण द्यायला लागलो, तर उद्या सगळेच काम करत सुटतील." साहेब निवृत्त अधिकारी. संपूर्ण सेवाकाळात त्यांच्यामागे एकही चौकशी लागली नाही, कारण चौकशी करण्यासारखं त्यांनी काही केलंच नव्हतं.

मूल गावच्या एका शाळेतून नववीतली इकरा आणि संघपाल असा संघ आला होता. त्यांचे मार्गदर्शक हरिदास सर चित्रकला शिकवत. (चित्रकला म्हणजे डिझाइन, आणि रोबोटलाही डिझाइन लागतं, अशा सरळ तर्काने ही जबाबदारी त्यांच्याकडे आली होती.) शाळेच्या प्रयोगशाळेची फरशी इतकी उखडली होती की चार चाकांचा रोबोट दोन फरश्यांच्या मधे अडकून बसे. म्हणून इकराने सहा चाकं लावली. सहाही चाकं एका पातळीत ठेवली, तेव्हा वळताना पुढची-मागची चाकं जमिनीला घासू लागली आणि रोबोट वळायचं सोडून नुसता कुरकुरू लागला. तेव्हा तिने मधली जोडी किंचित खाली घेतली. रोबोट त्या जोडीवर भिंगरीसारखा फिरू लागला. फक्त उभा असताना जरासा डुलायचा.

पिशवी उचलणारा चिमटा आणि वर जाणारा हात संघपालने केला होता. त्या दोघांचं भांडण झालं ते गिअरवरून.

"अवं, जोरात पळाला पायजे! लोक पायतच राहायले पायजेत," संघपाल म्हणाला.

"पळून करते काय? पिशवी लागली का तिथीच बसन," इकरा म्हणाली. तिने मोटरला लहान गिअर आणि चाकाला मोठा गिअर बसवला. वेग गेला, ताकद आली. संघपालला ते पटलं नाही. मग खात्री करून घ्यावी म्हणून तो पाटावर बसला आणि पाट दोरीने रोबोटला बांधला. रोबोटने त्याला उखडलेल्या फरशीवरून दारापर्यंत ओढत नेलं. दाराशी पोचल्यावर तो कंबर चोळत म्हणाला, "ताकदच बरी." रोबोटचं नाव त्यांनी 'हेला' ठेवलं. रेड्याला आमच्याकडे हेला म्हणतात.

गडचिरोलीला येताना एसटीत कंडक्टरने विचारलं, "हे चालते का?"

"चालते ना जी," संघपाल अभिमानाने म्हणाला.

"मंग तिकीट लागन."

संघपालने बॅटरी काढून खिशात टाकली. "आता नाई चालत."

"मंग सामान," म्हणून कंडक्टर पुढे गेला. प्रशासनाचं धोरण एसटीपासूनच एकसारखं असतं, हे नंतर त्यांच्याकडून ऐकून मला भरून आलं.

हेला मैदानात उतरला आणि डुलला. बोरकुटे साहेब खाली वाकले. "हा डुलून काऊन राह्यला?"

"सर, ते मुद्दाम केलं हाय. मधली चाकं खाली घेतली. वळाले सोपं जाते," इकरा म्हणाली.

"मुद्दाम?" साहेबांचा चेहरा गंभीर झाला. दोष, आणि तोही हेतुपुरस्सर. दुप्पट गुण कापले.

त्यानंतर हेलाने हळूहळू सगळ्या पिशव्या उचलून गोदामात टाकल्या. प्रत्येक पिशवी धप्पकन पडली, त्या आवाजाचे गुण गेले. लोकांनी टाळ्या वाजवल्या, त्याही आवाजाचे गेले, कारण तो कोणामुळे झाला हे उघड होतं. मैदान रिकामं झालं तेव्हा हेलापाशीही फारसं काही उरलं नव्हतं.

मग चंद्रपूरच्या एका निवासी शाळेचा 'महाबली' आला. त्याची चाकं अशी की तो पुढे-मागेच नव्हे, आडवासुद्धा सरकू शकला असता. अंगभर दिवे होते. देह अस्सल लोखंडाचा. ("सूरजागडचा लोखंडाचा डोंगरच उचलून आनला का?" संघपाल पुटपुटला.) सकाळपासून तो प्रत्येक पाहुण्याला 'सुस्वागतम्' म्हणत होता आणि पाहुणे येतच होते. भाषणं संपली तेव्हा बॅटरीही संपली. त्याचा चालक कुलदीप बटणं दाबून घामाघूम झाला. महाबली जागचा हलला नाही.

साहेबांनी कसोशीने तपासलं. "धक्का?"

"नाई, सर."

"पिशवी सांडली?"

"उचललीच नाई, सर," कुलदीप रडवेला होऊन म्हणाला.

"मग कापू कशाचे?"

महाबली पहिला आला. इकरा साहेबांसमोर जाऊन उभी राहिली. "पन सर, तो हललाच नाई."

"म्हणूनच तर पहिला आला, बेटा."

ती कोपऱ्यात गेली आणि भिंतीकडे तोंड करून ओढणीच्या टोकाने हेलाची चाकं पुसत बसली. चाकं स्वच्छच होती.

आता नियम असा, की विजेत्या रोबोटने उतारावरून स्वतः मंचावर चढून चषक घ्यायचा. प्रमुख पाहुणे चषक धरून उभे राहिले. महाबलीही उभा राहिला. स्वयंसेवकांनी उचलायचा प्रयत्न केला, तर एकाची पाठ धरली. पाहुण्यांनी चषक या हातातून त्या हातात घेतला. मी माईकवरून सगळ्यांचे पुन्हा एकदा आभार मानले.

इकरा उठली. "आम्ही ढकलू का जी?"

"काऊन?" संघपाल उसळला. "त्याईचा हाय, त्याईचं त्याईले पाहू दे!"

"मले पाह्यचं हाय, आपला हेला चढते का ते," ती म्हणाली.

संघपाल हेलाला उचलायला धावला, कारण तेच त्यालाही पाहायचं होतं.

हेला महाबलीच्या पाठीला लागला. मोटर गुरगुरली. सहा चाकांनी उतारावरचा गालिचा धरला, आणि लोखंडाचा तो ढिगारा इंचाइंचाने उतार चढू लागला. सभागृह उठून उभं राहिलं. "आणि महाबली स्वबळावर मंचाकडे कूच करीत आहे!" मी गरजलो. (मी जिथे उभा होतो तिथून मागचं दिसत नव्हतं. दिसलं असतं तरी हेच म्हटलं असतं.) कुलदीपने चषक घेतला. फोटो निघाले. इकरा आणि संघपाल दोघंही जमिनीवर पालथे पडून गिअरकडे पाहत होते आणि वेड्यासारखे हसत होते.

साहेबांनी हेलावर विजेत्याला पाठीमागून सतत धक्का दिल्याचा ठपका ठेवला. गुण शून्याच्या खाली गेले. आमच्या स्पर्धेत तो विक्रम आहे.

राज्य फेरीसाठी महाबली नागपूरला निघाला. तिथेही मंच होता, तिथेही उतार होता. म्हणून समितीने हेलाला 'महाबलीचं साहित्य' म्हणून सोबत पाठवलं. बसमध्ये कुलदीपने इकराला हळूच विचारलं, "मधल्या चाकाचं काय हाय ते, मले सांगता का?" ती नागपूर येईपर्यंत सांगत होती. त्याने महाबलीचे सगळे दिवे आणि सुस्वागतम् काढून टाकलं. नागपुरात महाबली चालला, दोन पिशव्या टाकल्या, एका खांबाला धडकला आणि शेवटून पहिला आला. तिघं खांबापाशी उभे राहून इतके ओरडले, की त्याचेही गुण कापले गेले.

ही हकिगत ऐकून सगळ्यांनाच बोरकुटे साहेबांचा राग येतो. तुम्हालाही आला असेल. पण तो तुम्ही बसल्या जागीच केलात. कशाला धक्का लावला नाहीत, रेषा ओलांडली नाहीत, तोंडातून आवाजही काढला नाहीत. साहेबांना मी तसं कळवतो. शंभरपैकी शंभर. अभिनंदन.