ब्रुनोचं ‘येतंय’

इंग्रजी शब्द कानावर पडला की शूटिंग थांबवणारा दिग्दर्शक मी एकच पाहिला, आमचा शेजारी ब्रुनो. शूटिंग नसलं तर तो आमचं जेवण थांबवतो. कन्या म्हणाली, “ममा, पास द राइस,” की आमटीची वाटी खाली ठेवून हा ओरडतो, “कट! हबीबी, घर का भाषा! यल्ला, फिर से!” मग कन्या तोंड वाकडं करून “भात वाढ” म्हणते. त्याला स्वतःला मराठीचं ओ की ठो कळत नाही, पण भुरका मात्र समाधानाचा असतो.

इटलीत याने जन्मभर आपल्या डोंगरातल्या बोलीत सिनेमे काढले. शेजारच्या खोऱ्यातल्या लोकांनाही ते समजत नसत.

“मग बघायचं कोण?” मी विचारलं.

“मेरा मम्मा,” तो ऐटीत म्हणाला.

एका प्रेक्षकावर पोट भरत नाही, म्हणून तो इथे अबुधाबीला आला आणि रुवैसच्या एका तेलकंपनीसाठी सुरक्षेच्या फिल्म काढू लागला.

यंदा त्याचं कंत्राट एका फिल्मवर अडलं होतं. विषय, हेल्मेट का घालावं. साहेबांना ती इंग्रजीत हवी होती. ब्रुनोने नायक निवडला मालवणचा सावंत वेल्डर. सावंत हेल्मेट घालतो, दारातून वळून आईच्या फोटोला मालवणीत म्हणतो, “येतंय गे आये.” संपली फिल्म!

“वो तो जा रहा है ना?” ब्रुनोने मला विचारलं. निघताना आमच्याकडे ‘जातो’ म्हणत नाहीत, परत येणार असंच सांगून निघतात, असं मी समजावलं. ब्रुनोने ‘येतंय’ दोनदा घोळवून म्हणून पाहिलं.

साहेबांनी फर्मावलं, डबिंग करा. ब्रुनो म्हणाला, “माँ को इंग्लिश में कौन बोलता है?” झालं! कंत्राट गेलं आणि मागोमाग व्हिसाही.

निघायच्या दिवशी तो आमच्याकडेच जेवला. “बरं झालं, आता गावी जाऊन सिनेमे काढ,” मी उगाच म्हणालो.

“किसके लिए? मम्मा नहीं अभी. घर में वो भाषा बोलनेवाला कोई नहीं.”

आमचं जेवण तो का थांबवायचा ते तेव्हा उमगलं.

खाली टॅक्सी आली. बॅग उचलून तो दारात वळला आणि माझ्या बायकोला म्हणाला, “येतंय गे.”

तिच्या आधी इंग्रजीशिवाय तोंड न उघडणारी आमची कन्याच म्हणाली, “लवकर या, काका.”