गणपतरावांनी पाचदा वाचलेली कादंबरी

शिवाजी पेठेतले गणपतराव रोज दहा जणांना तरी ‘उसना फेटा’ म्हणत. दुसऱ्याच्या जिवावर मिरवणाऱ्याला पेठेत हेच म्हणायचे. नाव एका जुन्या, गाजलेल्या कादंबरीचं. कादंबरी कुणी वाचलेली नव्हती, पण नाव पेठेतल्या तान्ह्या पोरालाही येत होतं. रडणं ते मागाहून शिकायचं.

त्या रविवारी हातकणंगल्याचे विजयसिंह आपल्या राजवर्धनला घेऊन गणपतरावांच्या लेकीला, मोनाला बघायला आले. हे बाविसावं स्थळ. आधीची एकवीस मोनानं परतवून लावलेली. हेही गेलं तर पुढचं पन्हाळ्यापलीकडून धरून आणावं लागणार होतं.

बोलता बोलता गणपतरावांनी कुठल्याशा पुढाऱ्याला ‘उसना फेटा’ म्हटलं आणि विजयसिंहांचे डोळे चमकले.

“कादंबरी वाचलेली दिसती तुम्ही.”

“पाचदा,” गणपतराव म्हणाले.

कोणतं पात्र आवडलं, असं पावण्यांनी विचारलं. तुम्हाला आवडलं तेच, असं उत्तर गेलं. मुलाकडच्यांचा शब्द खाली पडू द्यायचा नाही ही बैठकीची रीत, आणि गणपतराव रीतीला धरूनच खोटं बोलत होते. शेवटी नायक विहिरीत पडतो तिथं आपल्याला गहिवरून येतं, असं पावणं म्हणाले. मग काय! गणपतरावांनी त्याला विहिरीतून वर काढलं, अग्नी दिला, दहाव्याला कावळा शिवेना म्हणून डोळे पुसले. विजयसिंहांनीही पुसले.

तेवढ्यात मोना पोहे घेऊन आली. पोरगी मराठीत एम. ए., पेठेत कादंबरी वाचलेली ती एकटीच.

“आबा, त्या कादंबरीत विहीरच न्हाय.”

बशीतल्या शेंगदाण्याला हात लावायची कुणाची छाती होईना. आत मोनाच्या आईनं, धोंडुबाईंनी कपाळावर हात मारला, तो बाहेर ऐकू आला. विजयसिंहांचा हात टोपीकडं निघाला. बाविसावं स्थळ उठलं, असं गणपतरावांनी मनाशी धरलं.

मोना मात्र राजवर्धनकडं वळली. “तुम्ही वाचलीय?”

राजवर्धननं बापाकडं पाहिलं, मग पोह्यांकडं. “न्हाय. मला नुसतं नाव येतंय. आमच्यात पुस्तक हाय की, पण त्या कपाटाची किल्ली धा वर्षं झाली घावंना.”

विजयसिंहांनी टोपीकडं निघालेला हात वळवून मुकाट्यानं पोह्यांची बशी उचलली.

मोना हसली. “आबा, ह्यांना होय म्हणून टाका.”

गणपतरावांच्या जिवात जीव आला. व्याह्यांच्या पाठीवर थाप मारून ते म्हणाले, “सांगतो तुम्हाला पावणं, कादंबरीचा शेवट अगदी असाच हाय.”