आपलंच पाणी

अपेक्षाच्या पायांवर लाल पुरळ उठलं तेव्हा मिनलनं आधी डासांना दोष दिला, मग नव्या साबणाला, मग सासूबाईंनी गावाहून धाडलेल्या उटण्याला. त्वचेच्या डॉक्टरांनी तिन्ही आरोपींना निर्दोष सोडलं. अडीच वर्षांची अपेक्षा त्यांच्या टेबलावर बसून एका पायानं दुसरा पाय घासत होती.

"पाणी बदला," डॉक्टर म्हणाले. "औषधानं हे जाईल. त्याच पाण्यानं आंघोळ घातलीत की परत येईल."

पाणी बदलायचं म्हणजे काय करायचं, हे काही डॉक्टर सांगत नाहीत. वाकडच्या निर्मल हाइट्समध्ये उन्हाळ्यात पाणी एकाच ठिकाणाहून यायचं, ज्योतीरामच्या टँकरमधून. महापालिकेच्या नळाला आलेलं पाणी पहिल्या दोन मजल्यांच्या कुकरला पुरायचं नाही.

तसं सोसायटीच्या तळघरात मैलापाणी शुद्ध करायचं यंत्र होतं. सगळे त्याला एसटीपी म्हणत. ते बंद होतं, पण उगाच बंद नव्हतं, त्यामागे पुष्कळ विचार होता. सेक्रेटरी साहेबराव पिंपरीच्या एका कंपनीच्या मेंटेनन्स खात्यातून निवृत्त झालेले. त्यांचं म्हणणं, अख्खी नदी फेसाळलेली असताना आपण एकट्यांनी पाणी स्वच्छ करून सोडायचं म्हणजे गटारात अत्तराची बाटली ओतायची. सातव्या मजल्यावरच्या सुमनताई शाडूचा गणपती बसवायच्या आणि भाजीला कापडी पिशवी न्यायच्या. त्यांच्या वाट्याचं पर्यावरण त्यांनी केव्हाच करून टाकलं होतं. मिनलचा नवरा गणराज चाकणला शिफ्टमध्ये काम करायचा. दिवसभर कंपनीत पर्यावरणाचेच बोर्ड वाचतो, घरी तरी सुट्टी द्या, असं तो म्हणाला होता. यंत्र बंद ठेवलं की वीज वाचते आणि वीज वाचवणं हेसुद्धा पर्यावरणच, असंही कुणीतरी काढलं. ठराव 'ऊर्जा बचत' या नावानं मंजूर झाला.

आणि मिनल? एसटीपीची मोटर नेमकी तिच्या बेडरूमखाली घरघरायची. अपेक्षा तेव्हा तान्ही होती, दचकून उठायची. मिनलनं मीटिंगमध्ये उभं राहून तेवढंच सांगितलं होतं. तान्ह्या लेकराचं नाव निघाल्यावर कोण काय बोलणार? तिचं कारण सगळ्यांत खरं होतं, म्हणून ते सगळ्यांच्या कामी आलं.

तेव्हापासून सोसायटीचं पाणी जसं असेल तसं मागच्या ओढ्यात जात होतं. गेलं की विषय संपला.

मिनलनं डॉक्टरांचं बोलणं साहेबरावांच्या कानावर घातलं. त्यांनी लगेच ज्योतीरामला फोन लावून चांगलं फैलावर घेतलं. ज्योतीरामनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, या की बघायला, विहीर काय पळून जात न्हाई. रविवारी साहेबराव, मिनल आणि सुमनताई निघाले. चालत जाण्याइतकंच अंतर होतं, पण वास येतो म्हणून गाडी काढली आणि काचा वर करून एसी लावला.

ज्योतीरामच्या शेतावर आता चहूबाजूंनी टॉवर उभे होते. मध्ये चार गुंठ्यांत विहीर, तिला खेटून ओढा. ओढ्याच्या अंगाचं बांधकाम ढासळलं होतं आणि त्या भगदाडातून काळसर पाणी खळखळ आत येत होतं.

"हे पाणी देतोस आम्हाला?" साहेबराव म्हणाले.

"ह्येच हाय," ज्योतीराम म्हणाला. "आधी मार्चात तळ दिसायचा हिचा. म्हातारा रडायचा माजा. तुमच्या बिल्डिंगा झाल्या आन् बारमाही झाली बगा."

"म्हणजे?" मिनलनं विचारलं.

"म्हंजी काय, ताई. वरनं तुमी सोडता, खाली मी उपसतो."

साहेबरावांना हे भलतंच लागलं. हे पाणी आपलं असणं शक्यच नाही, ते शेजारच्या टॉवरचं, त्या लोकांना शिस्त नाही, हे त्यांनी तिथंच ठासून सांगितलं. वर ते सिद्धही करतो म्हणाले. कंपनीत पाइपची गळती शोधायची तर पाण्यात चिमूटभर रंग टाकायचा, मग तो जिथं निघेल तिथं गळती. त्यांनी वॉचमनला फोन केला. सोसायटीच्या स्टोअरमध्ये रंगपंचमीचा उरलेला रंग होता, तो एसटीपीबाहेरच्या चेंबरमध्ये टाक म्हणाले. किती टाकू, असं वॉचमननं विचारलं. आपल्या निर्दोषपणाची इतकी खात्री असलेला माणूस चिमटीनं मोजत नाही.

"पोतं आहे ना? सगळं ओत."

मग तिघं नाकाला रुमाल लावून शेजारच्या टॉवरकडे बघत उभे राहिले. ज्योतीरामनं चहा विचारला. तिघांनाही नेमका तेव्हाच चहा वर्ज्य झाला होता. एवढ्यात ओढ्यावरून गुलाबी लाट आली. आधी फिकट, मग गडद, मग जांभळ्याकडे झुकणारी. ती भगदाडाशी थांबली, विचार केल्यासारखी वळली आणि विहिरीत शिरली.

मग सुमनताई म्हणाल्या, "रंग मात्र पक्का होता हो."

खरं तर एवढ्यावर भागायला हवं होतं. पण वरच्या टाक्या रिकाम्या होत्या, टँकर ठरलेले होते, आणि ते रद्द करायचं साहेबरावांच्या लक्षात आलं नाही. सोमवारी सकाळी निर्मल हाइट्समधला प्रत्येक नळ गुलाबी झाला. शाळेचे पांढरे शर्ट गुलाबी झाले, सुमनताईंचा भात गुलाबी झाला, सातव्या मजल्यावरचे एक आजोबा दाढी करून आले ते नवरदेवासारखे दिसायला लागले. मिनलनं अपेक्षाला आंघोळ घातली नाही. तरी ती बादलीपाशी गेलीच, आणि तिच्या पायांवर कुठलं लाल पुरळाचं आणि कुठलं रंगाचं, हे आईला ओळखता येईना. मिनल तिथंच ओल्या फरशीवर बसली आणि एकेक पाय ओढणीनं पुसत राहिली.

संध्याकाळी तातडीची मीटिंग भरली. लोक चिडले होते. पाण्यात काय आहे याचा राग कुणाला नव्हता, ते दिसलं याचा राग होता. इतकी वर्षं बिनरंगाचं येत होतं तोवर कुणाची तक्रार नव्हती, असं एकजण म्हणाला आणि चार माना हलल्या.

मिनल उभी राहिली. "यंत्र बंद करा असं मी म्हणाले होते. आता मीच म्हणते, चालू करा. माझ्या खोलीखाली आहे ना? आवाज मी सोसेन."

सगळ्यांनी तिचं कौतुक केलं. मग अडचणी निघाल्या. एसटीपीच्या खोलीत गणपतीची आरास ठेवलेली होती, मुलांच्या सायकली होत्या, सुमनताईंच्या लेकीचं जुनं वॉशिंग मशीन होतं. ते सगळं कुठं हलवणार? शिवाय उन्हाळ्यात असली कामं काढू नयेत. पावसाळ्यात काढावीत तर पावसाळ्यात टँकर लागत नाहीत, मग प्रश्नच मिटला. बिल्डरनं करायला पाहिजे, नाहीतर सरकारनं. मुळात लोकांची मानसिकता बदलायला पाहिजे, असं सुमनताई म्हणाल्या. म्हणजे कुठल्या लोकांची, ते त्यांनी सांगितलं नाही.

पोतं ओतल्याचं साहेबरावांवर शेकणार हे दिसत होतं. पण ज्यानं आयुष्यभर मशीन बंद का पडलं याची उत्तरं साहेबाला दिली, तो माणूस असा हरत नाही. ते सावकाश उठले.

"मी काल एक प्रयोग केला," ते म्हणाले. "आपलं पाणी ओढ्यात जातं, ओढ्यातून विहिरीत, आणि विहिरीतून परत आपल्याकडे. एक थेंब वाया जात नाही. याला काय म्हणतात? पुनर्वापर. बाकीच्या सोसायट्या नुसत्या तोंडानं सांगतात. आपल्याकडे पुरावा आहे." आणि त्यांनी स्वतःचा गुलाबी लेंगा दोन बोटांनी उचलून दाखवला.

खोलीतली हवाच बदलली. लोकांच्या लक्षात आलं की आपण इतके दिवस नकळत केवढं मोठं काम करत होतो. पाणी वाचवणाऱ्या सोसायट्यांना पुरस्कार देणारी एक संस्था कुणाच्या तरी ओळखीत निघाली. हॉल आणि नाश्ता सोसायटीनं बघायचा, पुरस्कार संस्थेनं बघायचा. हात वर झाले. मिनलनं शेजारी पाहिलं. गणराजचाही हात वर होता. तिची नजर पडल्यावर त्यानं तो खाली घेतला नाही, नुसता कोपरात वाकवला.

"अगं, यांच्यातच राहायचंय आपल्याला," घरी आल्यावर तो म्हणाला. "अपेक्षाला आपण जारच्या पाण्यानं आंघोळ घालू. मी आणतो."

दोन-तीनदा त्यानं जार आणलेही. मग शिफ्ट बदलली. पुरळ गेलं आणि परत आलं.

पुरस्काराच्या दिवशी क्लबहाउसला निळ्या फुग्यांची कमान केली होती. संस्थेचे अध्यक्ष पाण्यावर बोलले आणि फार चांगलं बोलले. टेबलावर त्यांच्यासाठी सीलबंद बाटल्या मांडल्या होत्या. पाहुण्यांच्या स्वागताला साहेबरावांनी मुद्दाम मिनलला उभं केलं होतं, म्हणजे नाराजी उरली नाही असं दिसेल. मिनल ट्रे घेऊन स्टेजवर चढली. ट्रेमध्ये गुलाबाचं फूल होतं आणि नळाच्या पाण्यानं भरलेला एक पेला. रंग केव्हाच गेला होता. पाणी चांगलं स्वच्छ दिसत होतं.

"साहेब, ज्या पाण्याला पुरस्कार मिळाला, ते हे पाणी. एक घोट घ्या."

अध्यक्षांनी पेल्याकडे पाहिलं. "आज उपवास आहे माझा."

"उपवासाला पाणी चालतं की."

"निर्जळी आहे," ते म्हणाले आणि समोरच्या बशीतला अर्धा समोसा त्यांनी रुमालाखाली सरकवला.

मिनलनं ट्रे साहेबरावांपुढे धरला. त्यांना ॲसिडिटी होती. सुमनताईंचा घसा बसला होता, त्या खुणेनंच नको म्हणाल्या. पहिल्या रांगेतले सगळे एकदम मोबाइलमध्ये बघायला लागले. मिनल ट्रे घेऊन तशीच उभी राहिली, आणि तेवढ्यात गणराजच्या मांडीवरून सुटलेली अपेक्षा गुडघ्यापर्यंत मोजे ओढलेल्या पायांनी स्टेजवर आली. तिला खरंच तहान लागली होती. तिनं टाचा उंचावल्या, दोन्ही हातांनी पेला उचलला आणि तोंडाला लावला.

"नको!"

सगळा हॉल ओरडला. साहेबराव ओरडले, बसल्या घशाच्या सुमनताई ओरडल्या, अध्यक्ष तर खुर्चीतून उठले. निर्मल हाइट्समध्ये इतक्या एकमतानं आजवर काहीच झालं नव्हतं.

अपेक्षा दचकली. पेला हातातून सुटला, पाणी तिच्या मोज्यांवर सांडलं आणि ती रडायला लागली. मिनलनं तिला कडेवर घेतलं आणि स्टेजवरूनच सगळ्यांकडे पाहिलं. एकही नजर वर आली नाही.

मग साहेबरावांनी घसा साफ केला, माइक जवळ ओढला आणि आभारप्रदर्शन सुरू केलं. सगळ्यात आधी त्यांनी पालकांचे आभार मानले, मुलांच्या भविष्याचा विचार केल्याबद्दल.