कोऱ्या पानावरची फत्ते

सन दोन हजार अठरा, जून महिना, मंगळवार, दोन प्रहरी, तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांच्या सॉफ्टवेअर-दौलतीत जी धुमश्चक्री माजली तिचा मजकूर स्मरणात आहे तैसा लिहिला आहे. पदरचे मीठ पडले असेल तर चवीपुरतेच.

दौलतीचे मालक सासरेबुवा, थोर, करारी, चष्मा कपाळावर ठेवून चष्मा शोधणारे. पदरी दोन सरदार: थोरली सून वहिनीसाहेब आणि धाकटे चिरंजीव, किताब घाईसरदार. एका दवाखान्याचा नंबरांचा फलक यांच्या जिम्मेस होता. नव्व्याण्णवानंतर फलक पुन्हा एकावर येई. मग वहिनीसाहेबांनी कोडाच्या आपल्या वेगळ्या प्रतीत, म्हणजे शाखेत, एक ओळ लिहून बंदोबस्त केला, आणि घाईसरदारांनी तीत आपली शाखा मिळवून दोहोंचा मिलाफ, म्हणजे मर्ज, केला, आणि रिवाजाप्रमाणे वहिनीसाहेबांची शाखा छाटून टाकली, आणि मंगळवारी दवाखान्याहून आरोळी आली की शंभर नंबरच्या आजीबाई सकाळपासून ताटकळल्या आहेत.

मग दरबार भरला. फायलीचा इतिहास मागवला, त्यात वहिनीसाहेबांचे नाव नाही. मर्जात काय बदलले ते दाखवणारे पान उघडले, ते कोरे. सासरेबुवांनी फर्मावले की ओळ लिहिलीच गेली नाही, सबब सूनबाईंनी उद्यापासून कोडास हात न लावता केवळ फोन घ्यावेत.

"विसरला असाल हो, वहिनी," घाईसरदार म्हणाले. "होतं असं."

"भाऊजी, मी गॅस बंद करायला विसरते. ओळ नाही विसरत."

नऊ वर्षांची सरदारकी कोऱ्या पानापायी जात होती, परंतु वहिनीसाहेब हटल्या नाहीत. त्यांस उमगले की मर्जचे पान जात्याच मिटवामिटवी करणारे: दोन्ही शाखांहून निराळे तेवढेच सांगते, एकीशी तंतोतंत जुळले की मौन धरते, आणि इतिहासही त्याच चालीचा. परंतु शाखा छाटली तरी मर्जास आपली दोन्ही मुळे, म्हणजे ज्या दोन प्रतींतून तो झाला त्या, ठाऊक असतात. मग त्यांनी ती फाइल आधी भाऊजींच्या मुळाशी ताडली, तो काडीचा फरक नाही. आणि मग आपल्या मुळाशी ताडली, तो त्यांची ओळ लाल रंगात, वगळल्याचे वजाचे चिन्ह लेवून, निपचित पडलेली! दोन्ही शाखांचा एके जागी झगडा होताच घाईसरदारांनी न वाचता 'आपलेच सगळे ठेवा' असा हुकूम सोडला होता.

सासरेबुवांनी चष्मा कपाळावरून नाकावर उतरवला, आणि ओळ दोनदा वाचली.

"सूनबाई," ते म्हणाले, "फोन मी घेतो."

येणेप्रमाणे तिसऱ्या प्रहरी फत्ते जाहली. फलकावर शंभर झळकले आणि आजीबाई डॉक्टरांस चार शब्द सुनावून घरी गेल्या. घाईसरदार त्यापुढे प्रत्येक मर्जखाली 'दोन्हींशी ताडले' असे लिहू लागले. किताब मात्र सुटला नाही. वहिनीसाहेब आज दौलतीच्या कारभारी आहेत. सासरेबुवा अद्याप फोनवर असतात, आणि कोणी काही विचारले की दरारा तसूभर न उतरवता सांगतात, "थांबा, सूनबाईंना विचारून सांगतो."